प्रश्न वाचकांचे : सौर विजेत सरकारचे काम नेमके कोणते?

सौर ऊर्जेविषयी सोलापूर जिल्ह्यातील वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांचा सूर एकच होता. पॅनेल खाजगी कंपनीचे, छत आपले आणि ऊन देवाचे, मग मध्ये एवढी महामंडळे, आयोग आणि मंत्रालये कशासाठी? जुळे सोलापूर येथील वाचक भगिनींनी हाच प्रश्न नेमक्या शब्दांत विचारला आहे, म्हणून आरंभ त्यांच्या पत्रापासून करतो.

प्रश्न : सौर पॅनेलच्या किमती जगभर उतरल्या म्हणून सौर वीज स्वस्त झाली, असे वाचनात येते. तसे असेल तर सरकारी संस्थांचे या बदलात योगदान काय? की त्यांनी केवळ उद्घाटने केली?
(निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

पॅनेल स्वस्त होण्याचे श्रेय मुख्यतः चीनमधील प्रचंड उत्पादनाला आणि त्याआधी जर्मनीसारख्या देशांनी चढ्या दराने केलेल्या खरेदीला जाते. ते आपल्या संस्थांकडे ओढून आणण्याचे कारण नाही. परंतु स्वस्त पॅनेल सगळ्याच देशांना मिळाली, स्वस्त सौर वीज मात्र सगळ्यांना मिळाली नाही. तिथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

कोळशाच्या केंद्राला वर्षानुवर्षे कोळसा विकत घ्यावा लागतो. सौर प्रकल्पाला इंधनाचा खर्च नाही, पण त्याचा जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच वर्षी ओतावा लागतो आणि तो बहुतांश कर्जाचा असतो. म्हणून सौर विजेचा दर ऊन किती पडते यापेक्षा कर्जाचे व्याज किती यावर अधिक ठरतो. बँकेचा प्रश्न सरळ असतो : ही वीज पंचवीस वर्षे कोण विकत घेणार, आणि त्याचे पैसे वेळेवर येतील का? आपल्याकडे वीज विकत घेणाऱ्या म्हणजे राज्यांच्या वितरण कंपन्या, आणि त्यांतल्या अनेकांचा ताळेबंद पाहिला तर कोणताही सावध बँकर फाईल मिटवून ठेवील.

जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले, तेव्हाची स्थिती अशी होती. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१०-११ या वर्षासाठी सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे धरला होता. या दराने वीज घेण्यास कोणतेही राज्य तयार होणे शक्य नव्हते. त्यावर काढलेली तोड मला आजही फार हुशारीची वाटते. केंद्र सरकारची वीजनिर्मिती कंपनी एनटीपीसी हिची व्यापार कंपनी, म्हणजे एनटीपीसी विद्युत व्यापार निगम, सौर प्रकल्पांकडून महाग वीज घेई, एनटीपीसीच्या कोणत्याही राज्याला वाटून न दिलेल्या स्वस्त कोळसा विजेत ती मिसळे आणि दोन्हींच्या सरासरी दराने राज्यांना विके. राज्याला दर झेपला, प्रकल्पाला भक्कम ग्राहक मिळाला. स्वस्त वीज हाताशी असलेली सरकारी कंपनी नसती तर हे मिश्रण कोणी केले असते, याचा विचार करून पाहावा.

पुढे २०११ मध्ये भारतीय सौर ऊर्जा महामंडळ, म्हणजे सेकी, स्थापन झाले. सेकी निविदा काढते, विजेत्या कंपनीशी पंचवीस वर्षांचा खरेदी करार करते, तसाच विक्री करार राज्यांच्या वितरण कंपन्यांशी करते, आणि मध्यस्थ म्हणून युनिटमागे सात पैसे घेते. सात पैशांत काय मिळते, तर बँकेला दाखवण्याजोगी केंद्र सरकारच्या कंपनीची सही. वितरण कंपनीचे पैसे थकले तरी प्रकल्पाला ठरावीक काळ पैसे मिळत राहावेत, यासाठी निधीची सोयही ठेवली गेली.

मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॉटच्या प्रकल्पात हेच तत्त्व आणखी पुढे नेले गेले. सेकी आणि मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगम यांच्या संयुक्त कंपनीने जमीन, पारेषणाची म्हणजे वीज दूर वाहून नेण्याची सोय आणि करार आधी तयार करून ठेवले, पैसे थकल्यास पतपत्र म्हणजे बँकेची हमी, त्यानंतर सुरक्षा निधी आणि त्यानंतर राज्य सरकारची हमी अशी तीन थरांची व्यवस्था केली, आणि मगच निविदा मागवल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैसे हा दर आला. त्यानंतर काही महिन्यांतच राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैसे बोली लागली. रीवाच्या विजेचा एक हिस्सा दिल्ली मेट्रोने घेतला, म्हणजे ग्राहकही सार्वजनिक संस्थाच. यातले बहुतेक प्रकल्प खाजगी कंपन्यांचे आहेत, हे खरे. सार्वजनिक संस्थांनी मुख्यतः जोखीम उचलली, आणि जोखमीची किंमत दरातून वजा झाली.

याहून जुना इतिहासही थोडक्यात सांगण्यासारखा आहे. देशातला पहिला सौर सेल, म्हणजे पॅनेलमधला प्रत्यक्ष वीज तयार करणारा घटक, १९७७ मध्ये साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने बनवला. अपारंपरिक ऊर्जेला कर्ज देण्यासाठी इरेडा ही संस्था १९८७ मध्ये उभी राहिली, तेव्हा सौर पंपासाठी कर्ज मागायला गेलेल्या माणसाला इतर बँकांनी चहाही विचारला नसता. सगळेच उद्घाटनापुरते नव्हते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

प्रश्न : आमच्या साडेसात अश्वशक्तीच्या पंपाचे बिल सरकारने माफ केले आहे. मग सौर वाहिनीचा एवढा गाजावाजा कशासाठी? शेतकऱ्याचा त्यात काय फायदा?
(डाळिंब बागायतदार, सांगोला तालुका)

आपल्याला वीज फुकट मिळते, पण ती कधी मिळते हा प्रश्न उरतोच. कृषी वाहिन्यांवर थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने दिला जातो, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत बॅटरी हातात घेऊन बांधावरून चालत जाऊन स्टार्टर चालू करणे, फेज गेली की पुन्हा जाणे, आणि साप-विंचवाची भीती बाळगत ठिबकचे कॉक फिरवणे म्हणजे काय, हे सांगोल्याच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. सौर वाहिनीचा पहिला हेतू हा आहे की, ऊन असते तेव्हाच पंप चालावा.

हे कसे होते ते पाहू. राज्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत पॅनेल आपल्या विहिरीवर बसत नाहीत. गावाजवळच्या उपकेंद्राच्या परिसरात काही मेगावॉटचा प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज त्याच उपकेंद्रात सोडून तिथल्या कृषी वाहिन्यांना दिवसा दिली जाते. आपला पंप, आपला स्टार्टर, आपली डीपी सगळे पूर्वीचेच राहते. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतून प्रकल्पाला मेगावॉटमागे कमाल १ कोटी ५ लाख रुपये मदत मिळते. वीज तीन रुपयांच्या आसपास पडते, आणि ती दूरच्या केंद्रातून आणावी लागत नसल्यामुळे वाटेतली गळतीही कमी होते.

आता बिलमाफीचा मुद्दा. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली. ग्राहकाला बिल आले नाही म्हणून वीज फुकट तयार झाली असे होत नाही. ती रक्कम राज्याची तिजोरी भरते आणि काही भार उद्योगांच्या दरावर पडतो. शेतीला लागणारी वीज सात-आठ रुपयांऐवजी तीन रुपयांत मिळू लागली तर हे ओझे हलके होईल, आणि सरकारचा खरा स्वार्थ इथे आहे. तो लपवण्याचे कारण नाही, कारण या एका बाबतीत सरकारचा स्वार्थ आणि शेतकऱ्याची झोप एकाच दिशेला आहेत.

आपल्या विहिरीवरच स्वतंत्र सौर पंप हवा असेल तर मागेल त्याला सौर कृषी पंप ही वेगळी योजना आहे. तिच्यात सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरावयाचे असतात. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती असे पंपाचे माप ठरते. आपल्या भागासाठी माझे मत विचाराल तर, जिथे वाहिनी पोहोचली आहे तिथे सौर वाहिनी बरी, आणि जिथे डीपी नाही, खांब नाही, तिथे स्वतंत्र पंप. कारण स्वतंत्र पंपाची वीज पाणी उपसण्याची गरज नसलेल्या दिवसांत तशीच वाया जाते, आणि विहिरीत पाणी असले की मात्र पंप दिवसभर चालतो. भूजलाची अवस्था सांगोल्यात कशी आहे, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे. छतावर सौर संच बसवायचे म्हटले की वितरण कंपनीकडून अडचणीच अडचणी. सरकार एकीकडे सौर लावा म्हणते आणि दुसरीकडे सरकारचीच कंपनी हात आखडता घेते. हे कोडे काय आहे?
(लघुउद्योजक, अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत)

कोडे खरे आहे, आणि ते केवळ एखाद्या कार्यालयाच्या आडमुठेपणाचे नाही. वितरण कंपनीचे तारांचे जाळे, उपकेंद्रे, कर्मचारी आणि दीर्घ मुदतीचे कोळसा विजेचे करार यांचा खर्च आपण वीज कमी घेतली म्हणून कमी होत नाही. शेती आणि गरीब घरगुती ग्राहकांना खर्चापेक्षा कमी दराने दिलेल्या विजेची भरपाई उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या दरातून होते. आपल्यासारखा चढ्या दराचा ग्राहक दुपारी स्वतःची वीज वापरू लागला की कंपनीचे उत्पन्न घटते, खर्च मात्र तेवढाच राहतो. रात्रपाळीला माग चालवण्यासाठी आपण पुन्हा त्याच तारांवर येता, ही कंपनीची तक्रार असते आणि ती पूर्णपणे खोटी नाही.

पण ही तक्रार मिटवायची कोठे? अर्जांच्या गठ्ठ्यात नक्कीच नव्हे. त्यासाठीच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आहे. हा आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला, आणि २००३ च्या वीज कायद्याने नवीकरणीय ऊर्जेला चालना देणे हे राज्य आयोगांचे कर्तव्यच ठरवले. प्रत्येक वितरण कंपनीने आपल्या एकूण विजेतला किती हिस्सा अशा स्रोतांतून घ्यायचा, हे बंधन आयोगच घालतो. छतावरील संचांचे नियम आयोगाने २०१५ मध्ये केले आणि २०१९ मध्ये नव्याने केले. नेट मीटरिंगमध्ये आपण ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्याला, दिलेली युनिटे आपल्या वापरातून वजा होतात, शिल्लक युनिटे पुढच्या महिन्यात जातात, आणि आर्थिक वर्ष संपताना उरलेली युनिटे कंपनी ठरावीक दराने विकत घेते.

आपल्या बाबतीत कळीचा मुद्दा वेळेचा आहे. औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा दर लागतो. दुपारी बारा वाजता ग्रिडला दिलेल्या युनिटाने रात्रीच्या पाळीतले युनिट पूर्णपणे वजा होते की नाही, हे आयोगाच्या त्या वेळी लागू असलेल्या दर-आदेशावर ठरते, आणि अलीकडे दुपारची वीज स्वस्त व संध्याकाळची महाग धरण्याकडे सगळीकडे कल आहे. म्हणून ठेकेदार 'पाच वर्षांत पैसे वसूल' असा तक्ता दाखवील तेव्हा त्या तक्त्यात कोणता दर-आदेश धरला आहे, हे विचारावे. ज्यांचे माग मुख्यतः दिवसपाळीत चालतात त्यांना आजही हिशेब सोयीचा आहे. ज्यांची रात्रपाळी मोठी आहे त्यांनी संच दिवसाच्या वापराइतकाच ठेवावा. छत अपुरे असेल तर २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार १०० किलोवॉट मंजूर भार असलेला ग्राहकही दुसरीकडच्या प्रकल्पातून हरित वीज घेऊ शकतो. पूर्वी ही मर्यादा एक मेगावॉटची होती. त्यावरचे वहन शुल्क आणि अधिभार मात्र आधी तपासून घ्यावेत, कारण कागदावरची स्वस्त वीज तिथेच महाग होते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या उद्योजकांच्या संघटना फारशी करताना दिसत नाहीत. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोगाला तो जाहीर करून सूचना व हरकती मागवाव्याच लागतात, आणि कोणताही ग्राहक त्या लेखी देऊ शकतो. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे अशा सुनावण्यांत आकडेवारीसह बाजू मांडली आहे. मोर्चा काढण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, पण दर तिथे ठरतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचे बिल फार येते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला काही मिळते का, आणि कोणते काम कोणाकडे?
(गृहनिर्माण संस्थेचे सचिव, विजापूर रोड)

मिळते. सामाईक सुविधांसाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, घरामागे तीन किलोवॉट धरून कमाल ५०० किलोवॉटपर्यंत. सभासदांनी स्वतंत्रपणे बसवलेल्या संचाला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटना एकूण ७८,००० रुपये मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे.

कामाची वाटणी अशी : अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर, संच नोंदणीकृत विक्रेत्याकडून, तपासणी आणि नेट मीटर महावितरणकडून, कर्ज हवे असल्यास सार्वजनिक बँकेकडून, आणि अनुदान केंद्राकडून थेट खात्यात. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सेल देशात बनलेले असणे आवश्यक आहे. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीसाठी अडवून ठेवता येत नाही, असे २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांत म्हटले आहे. अडवलेच तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा क्रम आहे.

एक स्थानिक सूचना. सोलापूरच्या उन्हाचा अभिमान बाळगावा, पण मे महिन्यात संच सर्वाधिक वीज देईल अशी अपेक्षा करू नये. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. सेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, आणि मेमध्ये गच्चीवरचे पॅनेल साठ अंशांच्याही पुढे तापते. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असे उंचावर बसवावे. धुण्यासाठी बोअरचे जड पाणी वापरल्यास काचेवर पांढरे थर बसतात. भल्या सकाळी, काच थंड असताना, नळाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावे. एवढी काळजी घेतली तर वर्षाची सरासरी किलोवॉटमागे दिवसाला चार युनिटांच्या आसपास धरायला हरकत नाही.

प्रश्न : सौर ऊर्जा वाढत असताना फताटेवाडीच्या एनटीपीसी केंद्राचे भवितव्य काय?
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सोलापूर)

नजीकच्या काळात हे कोळशाचे केंद्र बंद होण्याची शक्यता नाही, पण त्याच्या कामाची पद्धत बदलेल. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच, म्हणजे एकूण १,३२० मेगावॉट, ही क्षमता एका ठरावीक पातळीवर दिवसरात्र चालवण्यासाठी उभारली गेली. आता दुपारी देशभरातून सौर वीज ग्रिडमध्ये येते आणि सूर्य मावळला की तासा-दोन तासांत ती नाहीशी होते, नेमकी घराघरांत दिवे, पंखे आणि कूलर लागतात त्या वेळी. म्हणून कोळशाच्या संचांनी दुपारी खाली उतरायचे आणि संध्याकाळी झपाट्याने वर चढायचे, असे नवे काम त्यांच्याकडे आले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशा संचांनी ५५ टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के क्षमतेपर्यंत उतरण्याची तयारी ठेवावयाची आहे. बॉयलरला ही चढउतार मानवत नाही. झीज वाढते, दुरुस्तीचा खर्च वाढतो, आणि तो सौर विजेच्या दरात कोठेही दिसत नाही. सौर वीज स्वस्त म्हणताना हा छुपा खर्च मोजायला हवा, असे माझे मत आहे. साठवणुकीच्या बॅटऱ्या स्वस्त होत आहेत आणि सेकीने छत्तीसगडमधील राजनांदगाव येथे सौर प्रकल्पाला जोडून मोठी बॅटरी उभारलीही आहे, तरी संध्याकाळची सगळी गरज भागवायला त्यांना अजून वेळ लागेल.

आपल्या शहराचा या कथेतला दुसरा वाटा मात्र अनेकांना माहीत नसतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी पॉवरग्रिड या केंद्राच्या पारेषण कंपनीच्या रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी एका लयीत जोडले गेले आणि सगळा देश एकाच वारंवारतेवर आला. त्याआधी दक्षिण केवळ एकदिश विद्युतप्रवाहाच्या दुव्यांनी जोडलेली होती. राजस्थानात ढग नसतील आणि कर्नाटकात असतील, तेव्हा वीज इकडून तिकडे नेता येते ती अशा वाहिन्यांमुळे. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, पारेषण वाहिनीला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून ती प्रकल्पाच्या आधी, ग्राहक नक्की नसतानाच, बांधायला घ्यावी लागते. असा धीर खाजगी कंपनीकडून अपेक्षित धरता येत नाही. आपण विद्युत शाखेच्या असाल तर पॅनेलपेक्षा ग्रिडचा अभ्यास करावा, नोकरीच्या दृष्टीनेही.

प्रश्न : स्वस्त चिनी पॅनेल असताना सरकार देशी पॅनेलची सक्ती का करते?
(विक्रेता, बार्शी)

कारण सगळे पॅनेल एकाच देशातून आले तर दरही तोच देश ठरवील. एप्रिल २०२२ पासून पॅनेलवर ४० आणि सेलवर २५ टक्के आयात शुल्क लागले. मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी केली गेली आणि उत्पादनाशी जोडलेले प्रोत्साहनही दिले गेले. शुल्काची रचना पुढे बदलली. पॅनेल जोडण्याचे कारखाने यामुळे पुष्कळ निघाले, पण सेल, आणि ज्यांपासून तो बनतो ते वेफर व पॉलिसिलिकॉन यांत आपण अजून मागे आहोत. तोवर ग्राहक थोडे अधिक पैसे मोजतो, हे मान्य करूनच या धोरणाची बाजू घ्यावी लागेल.

प्रश्न : आमच्या माळावर सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने मागत आहेत. पंचवीस-तीस वर्षांचा करार म्हणतात. मधल्या काळात सरकारे बदलतील. हा करार टिकेल का?
(शेतकरी आणि ग्रामपंचायत सदस्य, मंगळवेढा तालुका)

आपली शंका रास्त आहे, कारण असे घडलेले आहे. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर नव्या सरकारने आधीच्या सौर आणि पवन करारांचे दर जास्त आहेत म्हणून ते पुन्हा ठरवायला घेतले आणि प्रकल्पांची देणी अडली. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करारातल्या दरानेच पैसे द्यावेत असा निर्णय दिला. करार टिकला, पण मधली जवळजवळ तीन वर्षे गेली, आणि त्या काळात बँका कर्ज देताना अधिक सावध झाल्या. दर १७ रुपयांवरून अडीच रुपयांपर्यंत येण्यात ज्या सरकारी सहीचाही वाटा होता, तीच सही एका राज्याने डळमळीत केली. जून २०२२ मध्ये केंद्राने थकबाकीचे नियम कडक केले. वितरण कंपनीने पैसे थकवले तर तिला बाजारातून अल्प मुदतीची वीज घेण्यावर निर्बंध येतात. त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली आहे. एक दुखणे मात्र राहिले आहे. सेकीने निविदा काढल्या, कंपन्या निवडल्या, आणि राज्ये विक्री करारावर सह्या करायला पुढे येत नाहीत, असे हजारो मेगावॉट रखडलेले आहेत.

जमिनीच्या बाबतीत कर्नाटकातील पावगड पाहण्यासारखे आहे. तो तालुका मंगळवेढ्यासारखाच अवर्षणाचा. तिथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे. जमीन विकत घेतलेली नाही. सेकी आणि कर्नाटकची संस्था यांच्या संयुक्त कंपनीने शेतकऱ्यांकडून एकरी वार्षिक २१,००० रुपयांनी, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढीसह, भाड्याने घेतली आणि पुढे प्रकल्पांना दिली. भाडेकरू खाजगी कंपनी नसून सरकारी कंपनी आहे, हा त्यातला शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्या मजुरांना या भाड्यातून काही मिळण्याची सोय नव्हती, ही त्याची उणी बाजू.

आपल्याकडे सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात. आपल्याकडे आलेला माणूस याच योजनेचा आहे की स्वतःच्या कंपनीसाठी जमीन गोळा करणारा मध्यस्थ आहे, हे प्रथम विचारावे. करारात भाडेकरू म्हणून कोणाचे नाव आहे, प्रकल्प उभा राहिला नाही तर जमीन किती दिवसांत मोकळी होईल, ती कंपनी दुसऱ्याला विकली गेल्यास भाडे कोण देईल, जमिनीवर कर्ज काढण्याचा अधिकार कंपनीला दिला आहे का, आणि मुदत संपल्यावर पाया, तारा व पॅनेल कोण काढून नेईल, एवढे मुद्दे वकिलाकडून वाचून घ्यावेत. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय ताबा देऊ नये. कोऱ्या संमतीपत्रावर सही तर मुळीच नको.

आपण ग्रामपंचायत सदस्य आहात म्हणून आणखी एक. खाजगी माळाबरोबर गावच्या गायरानाचीही मागणी येईल, कारण योजनेत सरकारी जमिनीला प्राधान्य आहे. कागदावर पडीक म्हटलेल्या त्या जमिनीवर आपल्या भागात मेंढरे चरतात. मेंढपाळांची नावे कोणत्याही उताऱ्यावर नसतात, आणि बहुधा ग्रामसभेच्या दिवशी ते कळपाबरोबर बाहेरगावी असतात. ठराव करण्यापूर्वी त्यांच्या वाटा आणि पाणवठे नकाशावर आखून घ्यावेत, आणि कुंपणाची रेषा त्यानंतर ठरवावी.